मँचेस्टरचा कालवा आणि आमचें त्रासनखातें

परदेशीं जाऊन आलेल्या माणसानें तेथील राजवाडे, देवळें आणि सरोवरें यांचें वर्णन करावें, असा आपल्याकडे प्रघात आहे. मँचेस्टर हें राजवाड्यांचें गांव नव्हे. तेथें पाहावयाचें तें पाणी. आणि तेंहि नदीचें निर्मळ पाणी नव्हे, तर कालव्याचें, काळसर, संथ, दोन्ही बाजूंस विटांच्या उंच भिंती उभ्या असलेलें पाणी. गेल्या मे महिन्यांत एका रविवारीं सकाळीं मीं व माझ्या मामंजींनीं या पाण्याच्या कांठानें सुमारें दोन मैलांची पायीं सफर केली. तिची हकीकत सांगण्याचें येथें योजिलें आहे.

मँचेस्टर हें नांव आपल्यापैकीं कोणास अपरिचित आहे? आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यांत ‘मँचेस्टरी’ हें कापडाचें विशेषणच होतें; आणि पुढें तें शिवीसारखेंहि वापरलें जाऊं लागलें. १९०५ सालीं पुण्यांत विलायती कापडाची होळी झाली, तींत मामंजींच्या आजोबांनीं आपलें नवें उपरणें टाकलें, ही गोष्ट आमच्या घरीं गणपतीच्या दिवसांत अजून सांगितली जाते. त्याच आजोबांचा नातू पुढें माटुंग्याच्या तंत्रशाळेंत सूतकताईचें शास्त्र शिकला, आणि लालबागच्या एका गिरणींत, मँचेस्टरच्या शेजारच्या ओल्डहॅम गांवीं घडलेल्या यंत्रांवर वीस वर्षांहून अधिक काळ सूत काढीत राहिला, हा दैवाचा विनोद मामंजी स्वतःच हंसून सांगतात. गिरणीचें नांव सांगण्याचें येथें कारण नाहीं. मामंजींचें वय आज शहाऐंशीं आहे.

आमचा धाकटा चिरंजीव मँचेस्टरला नोकरीस आहे. त्याने राहण्यास जागा घेतली आहे ती अँकोट्स नांवाच्या भागांत, एका जुन्या सूतगिरणींत. गिरणीजवळ नव्हे, गिरणींतच. बाहेरच्या विटांच्या भिंती व आंतले बिडाचे खांब तसेच ठेवून मध्यें नव्या खोल्या पाडल्या आहेत. आम्ही उतरलों त्या रात्रीं मामंजी पलंगावर आडवे झाले नाहींत. मुलानें विचारलें तेव्हां म्हणाले, “अरे, येथें लोक रात्रपाळ्या जागले आहेत. मी निजूं कसा?” मुलाला ती थट्टा वाटली. मला तशी वाटली नाहीं. पण मींहि त्या वेळीं कांहीं विचारलें नाहीं. या सफरीची जाहिरात मुलानेंच दाखविली, आणि आजोबांचे गुडघे साथ देतील कीं नाहीं या शंकेनें त्यानें ती लगेच मागेंहि घेतली. मामंजींनीं काठी उचलली, तेव्हां प्रश्न मिटला.

सकाळीं साडेदहा वाजतां कॅसलफील्ड येथें आम्ही चौदा-पंधरा मंडळी जमलों. माहिती सांगणाऱ्या बाई सत्तरीच्या घरांतल्या, शाळेंतून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या आणि खणखणीत आवाजाच्या होत्या. पायांत भक्कम बूट, हातांत छत्री, आणि छत्रीचाच उपयोग छडीसारखा. आपल्याकडील एखाद्या मुलींच्या शाळेंतल्या बाईंची मला आठवण झाली.

कॅसलफील्ड हा भूभाग म्हणजे थरांवर थर चढविलेली एक विलक्षण वस्तु आहे. सर्वांत खालीं रोमन लोकांनीं इसवी सन ७९ च्या सुमारास बांधलेल्या गढीचे अवशेष. त्यांच्या शेजारीं कालव्याचे बंदर. आणि त्याच्या डोक्यावरून एकाहून एक उंच असे आगगाडीचे पूल. त्यांपैकीं एका निकामी लोखंडी पुलावर २०२२ सालीं बाग केली आहे, तेव्हां सर्वांत वरच्या थरावर आतां झाडें उगवलीं आहेत. मेडलॉक नांवाची नदी तर येथें कालव्याच्या खालून बोगद्यानें जाते. कालव्यांत पाणी फार झालें कीं तें एका मोठ्या वाटोळ्या विहिरीसारख्या कुंडांत कोसळतें आणि खालच्या नदीस मिळतें. कुंडाला ‘राक्षसाचें कुंड’ अशा अर्थाचें नांव आहे. नदी खालीं आणि कालवा वर, ही गोष्ट मामंजींनीं मला दोनदां वांकून पाहावयास लाविली.

या सर्वाचा आरंभ कोळशापासून झाला. तिसरा ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर या सरदाराच्या वर्स्ली येथें कोळशाच्या खाणी होत्या. मँचेस्टर तेथून फार दूर नाहीं. परंतु चिखलाच्या रस्त्यानें घोड्याच्या पाठीवर कोळसा न्यावयाचा, त्यामुळें तो महाग पडे. शिवाय खाणींत पाणी भरे, तें उपसण्याचा खर्च निराळा. ड्यूक, त्याचा कारभारी जॉन गिल्बर्ट आणि जेम्स ब्रिंडली नांवाचा कारागीर या तिघांनीं दोन्ही दुखण्यांवर एकच औषध काढलें: खाणींत सांचणारें पाणी बाहेर काढून त्याचाच कालवा करावयाचा, आणि त्याच पाण्यावरून कोळसा शहरांत न्यावयाचा. १७६१ सालीं कालव्याचा पहिला भाग सुरू झाला. वाटेंत अर्वेल नदी आडवी आली, तेव्हां ब्रिंडलीनें नदीवर पूल बांधून पुलावरून कालवा नेला. खालून नदींतली नाव आणि वरून कालव्यांतली नाव एकाच वेळीं जातांना पाहण्यास लोक दुरून येत. ब्रिंडलीला लिहितां-वाचतां जेमतेम येत असे. हिशेब तो डोक्यांत करी. कालव्याचें पाणी जमिनींत मुरूं नये म्हणून त्यानें कुंभार तुडवितो तशी माती पाण्यांत मळून, तुडवून, तिचा जाड थर तळाला व बाजूंना बसविला. सिमेंट नाहीं, शिसें नाहीं, नुसती तुडविलेली माती. आणि ती आज अडीचशें वर्षांहून अधिक काळ पाणी धरून आहे. कालवा शहरांत पोंचल्यावर कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला असें सांगतात. स्वस्त कोळसा आला म्हणून वाफेचीं एंजिनें आलीं, आणि एंजिनें आलीं म्हणून गिरण्यांना नदीचा कांठ धरून बसण्याचें कारण उरलें नाहीं.

कालव्याची सद्दी मात्र फार टिकली नाहीं. आम्ही उभ्या होतों तेथून हांकेच्या अंतरावर लिव्हरपूल रोड स्टेशन आहे. १५ सप्टेंबर १८३० रोजीं मँचेस्टर-लिव्हरपूल आगगाडी येथें आली. वाफेच्या एंजिनानें, ठरल्या वेळापत्रकानें, एका मोठ्या शहरांतून दुसऱ्या मोठ्या शहरांत उतारू नेणारी ही जगांतील पहिली आगगाडी. आपली बोरीबंदर-ठाणें गाडी १८५३ ची, म्हणजे तेवीस वर्षें धाकटी. उतारूंसाठीं हें स्टेशन १८४४ सालींच बंद झालें, मालासाठीं १९७५ पर्यंत चाललें. १९८३ पासून तेथें विज्ञान व उद्योग यांचें संग्रहालय आहे. “आणि हा सारा परिसर ऐतिहासिक वारसा म्हणून राखावयाचा, असें १९८२ सालीं जाहीर झालें,” बाई म्हणाल्या.

मामंजी चालतां चालतां थांबले. “कोणतें साल म्हणालां?” त्यांनीं इंग्रजींत विचारलें. बाईंनीं पुन्हां सांगितलें. मामंजींनीं मान हलविली आणि पुढें चालूं लागले. गिरणगांवाशीं ज्यांचा संबंध आला आहे त्या वाचकांस ते कां थांबले हें सांगावयास नको.

येथें ब्रिजवॉटरचा कालवा संपतो आणि रॉचडेल कालवा सुरू होतो. हा १८०४ सालीं पूर्ण झाला. लांबी बत्तीस मैल, आणि वाटेंत पेनाइन डोंगर. म्हणजे पाण्याला डोंगर चढविणें आलें. त्याकरितां ब्याण्णव लॉक बांधिले, आणि त्यांतील शेवटचे नऊ शहराच्या ऐन पोटांत आहेत. लॉक म्हणजे काय हें घरीं बसून समजणें कठीण, म्हणून थोडें विस्तारानें सांगतें. सुमारें चौदा फूट रुंद व सत्तर-बाहत्तर फूट लांब असा एक दगडी हौद. त्याला दोन्ही टोंकांस लांकडी दारें. खालची नाव हौदांत घ्यावयाची आणि मागचें दार लावावयाचें. मग वरच्या बाजूची झडप उघडून वरचें पाणी हौदांत सोडावयाचें. हौद भरतो तशी नाव वर चढते. दोन्हीकडचें पाणी एका पातळीस आलें कीं वरचें दार हातानें लोटतां येतें आणि नाव पुढें निघते. दारें मिटतात तीं सपाट नव्हे, तर पाण्याच्या बाजूस टोंक करून. त्यामुळें पाण्याचा दाबच त्यांना घट्ट बसवितो. पंप नाहीं, एंजिन नाहीं. सारें काम पाण्याच्या स्वतःच्या वजनानें होतें. हा पाण्याचा जिनाच म्हणा ना.

आमच्या सुदैवानें एक नाव त्याच वेळीं वर चढत होती. नवरा, बायको आणि दहा-बारा वर्षांचा मुलगा. दाराला एक लांबलचक तुळई जोडलेली असते, तिला पाठ लावून दार रेटावयाचें. मुलगा एकटा रेटीत होता आणि दार हालेना. मामंजींनीं काठी माझ्या हातांत दिली, जाऊन त्याच्या शेजारीं तुळईला पाठ लाविली, आणि मी “अहो मामंजी!” म्हणेपर्यंत दार उघडलेंहि. मुलानें त्यांच्याशीं हस्तांदोलन केलें. पुढच्या लॉकपर्यंत मामंजींचा चेहरा पाहण्यासारखा होता.

पुलांखालून जातांना लोखंडी कडांवर बोटभर खोल अशा खांचा दिसतात. पूर्वीं नावा घोडे ओढीत. घोडा कांठच्या पायवाटेवरून चाले, त्याचा दोर पुलाच्या कडेला घांसे, आणि वर्षानुवर्षें घांसून दोरानें लोखंड कापलें. आपल्या विहिरींच्या दगडी कांठांवर रहाटाच्या दोरानें पडलेल्या खांचा ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. तरी मीं त्या खांचेंत बोट घालून पाहिलेंच.

यापुढचा अर्धा मैल शहराच्या मध्यवस्तींतून जातो. रेल्वेच्या कमानींखालीं उपाहारगृहें व मद्यगृहें आहेत. एके ठिकाणीं तर कालवा एका उंच इमारतीच्या तळघरांतून जातो आणि तेथें दिवसाहि अंधार असतो. या भागाविषयीं विशेष लिहिण्याजोगें नाहीं. डाव्या-उजव्या हातांकडे बाई छत्री करीत आणि काय काय होतें तें सांगत. ऑक्सफर्ड रोडजवळ, मेडलॉकच्या वळणांत, ‘लिटल आयर्लंड’ नांवाची आयरिश मजुरांची वस्ती होती. १८४२ सालीं फ्रीड्रिख एंगल्स हा बावीस वर्षांचा जर्मन तरुण मँचेस्टरला आला तो बापाची भागीदारी असलेल्या गिरणींत कामास. दिवसा पेढीवर बसे आणि मोकळ्या वेळांत मेरी बर्न्स या आयरिश बाईच्या सोबतीनें अशा वस्त्या हिंडे. त्यावर त्यानें १८४५ सालीं पुस्तक लिहिलें, तें जर्मन भाषेंत. आणि ज्या लोकांविषयीं तें लिहिलें त्यांच्या इंग्रजी भाषेंत तें यावयास १८८७ साल उजाडलें.

पण बाई सर्वांत अधिक रेंगाळल्या त्या कापसाच्या गोष्टीवर. हा सारा कापूस मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येई, आणि तेथें तो गुलामांकडून पिकविला जाई. “या पाण्यावरून आलेल्या प्रत्येक गांठोड्यावर हा डाग आहे, तो आम्ही पुष्कळ दिवस सांगत नव्हतों,” असें त्या म्हणाल्या. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, दक्षिणेची बंदरें उत्तरेच्या आरमारानें अडविलीं आणि कापूस बंद झाला. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. लाखों माणसें धर्मादाय अन्नावर आलीं. तरीहि ३१ डिसेंबर १८६२ रोजीं मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्यें कामगारांची सभा भरली आणि तिनें गुलामगिरी नष्ट करण्यास पाठिंबा देणारें पत्र अध्यक्ष लिंकन यांस पाठविलें. लिंकननीं १९ जानेवारी १८६३ रोजीं उत्तर दिलें. त्या उत्तरांतील मजकूर कोरलेला लिंकनचा पुतळा आज शहरांत उभा आहे. सगळेच कामगार एकमताचे होते असें नाहीं, लिव्हरपूलचे व्यापारी तर उघड दक्षिणेच्या बाजूचे होते, हेंहि बाईंनीं सांगितलें, तें मला आवडलें. पोट रिकामें असतां दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठीं हात वर करणें ही लहान गोष्ट नव्हे. पण तिची आरती करतांना खरें झांकूं नये.

येथें मामंजींनीं हात वर केला, शाळेंतल्यासारखा. “याच्या पुढची गोष्ट मी सांगूं का?” बाईंनीं आनंदानें छत्री त्यांच्याकडे केली. मग मामंजींनीं त्या साहेब मंडळींना आपली मुंबई सांगितली. अमेरिकेचा कापूस बंद झाला म्हणून लँकेशायरनें आमचा कापूस उचलला. त्याला ते ‘सुरती’ म्हणत, मग तो वऱ्हाडचा कां असेना. त्याचा धागा आंखूड, त्यांत कचरा फार. त्यानें सूत सारखें तुटे आणि कामगारांची मजुरी कापली जाई, म्हणून तुमच्याकडे ‘सुरती’ हा शब्द टाकाऊ वस्तूला लावूं लागले. पण आमच्याकडे त्या कापसाचें सोनें झालें. मुंबईंत पैशाचा पूर आला, रोज नव्या कंपन्या निघाल्या, समुद्र भरून काढण्याचे भाग विकले गेले. १८६५ सालीं युद्ध संपलें, भाव कोसळले, आणि प्रेमचंद रायचंदांसारखे कुबेर एका दिवसांत दिवाळखोर झाले. त्यांनीं आपल्या आईच्या नांवानें उभारलेला राजाबाई टॉवर मात्र मुंबईंत उभा आहे. “आणि आमची पहिली गिरणी,” मामंजी म्हणाले, “कावसजी दावर यांनीं ताडदेवला काढली, ती सुरू झाली १८५६ सालीं. यंत्रें तुमचीं. पुढें आमचें कापड स्वस्त पडूं लागलें, तेव्हां १८९६ सालीं सरकारनें आमच्याच कापडावर आमच्याच देशांत साडेतीन टक्के कर बसविला, तो तुमच्या गिरण्यांना त्रास होऊं नये म्हणून. तो उठावयास १९२६ साल लागलें.”

मंडळी थोडी गप्प झाली. एक वयस्क गृहस्थ पुटपुटले कीं आम्हांला हें शाळेंत शिकविलें नाहीं. बाई म्हणाल्या, “मी शिकवीत असे. पण साडेतीन टक्के हा आंकडा मला ठाऊक नव्हता,” आणि त्यांनीं तो वहींत टिपून घेतला. मला त्या क्षणीं मामंजींच्या आजोबांचें उपरणें आठवलें.

अँकोट्सला पोंचेपर्यंत एक वाजला. कालव्याच्या एका अंगास ओळीनें गिरण्या उभ्या आहेत, आणि त्यांचें प्रतिबिंब पाण्यांत इतकें गच्च पडतें कीं आकाश दिसत नाहीं. अ‍ॅडम व जॉर्ज मरे या दोघां स्कॉच भावांची पहिली गिरणी १७९८ ची. कालवा पुरा होण्यापूर्वींच त्यांनीं त्याच्या भरंवशावर ती बांधली. गिरणीच्या चौकांतच पाण्याचा हौद होता आणि रस्त्याखालून बोगदा काढून तो कालव्यास जोडला होता. म्हणजे कोळसा व कापूस घेऊन नाव थेट गिरणीच्या अंगणांत येई. भरभराटीच्या काळीं तेराशेंच्या आसपास माणसें तेथें कामाला होतीं, आणि त्यांत मुलेंहि पुष्कळ. नऊ वर्षांखालील मुलांस कापसाच्या गिरणींत घेऊं नये, हा कायदा इंग्लंडांत १८१९ सालीं झाला. आपल्याकडचा पहिला कारखान्यांचा कायदा १८८१ चा. त्यांत वयाची मर्यादा सात. त्या कायद्यासाठीं लँकेशायरचे गिरणीवाले धडपडले त्यांत मुंबईच्या मुलांविषयींचा कळवळा किती आणि मुंबईच्या स्वस्त मालाची भीति किती, याचा हिशेब वाचकांनींच करावा. मुंबईच्या कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० सालीं, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें. मँचेस्टरच्या कृपेनें नव्हे.

या गिरण्यांचें वैशिष्ट्य बारीक सूत. सुताचा नंबर म्हणजे काय, हें मामंजींनीं मला वाटेंतच समजाविलें होतें. ८४० वारांची एक लड. एका पौंड सुतांत जितक्या लडी बसतील तितका त्याचा नंबर. मुंबईच्या गिरण्या पूर्वीं वीस नंबरच्या आंतबाहेर सूत काढीत आणि तें चीनला जाई. या अँकोट्सच्या गिरण्यांनीं दोनशेंच्याहि वर नंबर काढला. दोनशें नंबरचें एक पौंड सूत उलगडलें तर सुमारें पंचाण्णव मैल जाईल. पुण्यापासून मुंबईपर्यंत, आणि हाताशीं थोडें उरेलहि. माझ्या मनांत आलें, आजोबांनीं होळींत टाकलें तें उपरणेंहि इतकें तलम होतें का? मामंजी म्हणाले, “नसेल. आपल्याकडे येई तें बहुतेक मध्यम. पण यांच्या हाताला सलाम केला पाहिजे.”

बाई जुन्या यंत्रांचीं नांवें सांगत होत्या. आधीं पाण्यावर चालणारी चौकट. मग क्रॉम्प्टनचें १७७९ चें ‘म्यूल’, म्हणजे खेंचर, कारण तें दोन जातींच्या यंत्रांपासून झालेलें. आणि मग ‘थ्रॉसल’. थ्रॉसल हें एका गाणाऱ्या पक्ष्याचें नांव; यंत्र चालतांना तसा आवाज करी म्हणून कामगारांनीं तें नांव ठेविलें. मामंजी एकदम मोठ्यानें हंसले. मीं त्यांना इतकें मोठ्यानें हंसतांना वर्षानुवर्षांत पाहिलें नव्हतें. “सूनबाई, अग आपलें त्रासन!” लालबाग-परळच्या गिरण्यांतून सूत काढण्याच्या विभागाला त्रासनखातें म्हणतात. मामंजींनीं तेथें आयुष्य घालविलें, आणि तो शब्द ‘त्रास’ वरून आला असावा असें ते धरून चालले होते. “आम्हीं तर म्हणत होतों, त्रास आहे म्हणून त्रासन. आणि हा निघाला पक्षी!” बाईंना हें इंग्रजींत समजावून सांगतांना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलें, हंसण्याचें असेल.

मग ते दोघे बांकावर बसले आणि आम्ही बाकीचे उभे राहून पाहूं लागलों. बाईंच्या आजी गिरणींत कामाला होत्या. यंत्रांच्या गोंगाटांत शब्द ऐकूं येत नसे, म्हणून लँकेशायरच्या बायका ओंठांच्या हालचालींनीं बोलत. बाईंनीं आजीची नक्कल करून तें दाखविलें, चेहरा केवढाला ताणून, आवाज अजिबात न काढतां. मामंजी म्हणाले, आमच्याकडे हात. त्यांनीं दोन्ही हातांच्या चिमटी एकमेकींस जुळविल्या आणि एकदम दूर केल्या. “धागा तुटला.”

आणि मग त्याच सुरांत, इंग्रजींत, एका परक्या बाईला, त्यांनीं तें सांगितलें जें घरांत आम्हांला कधीं सांगितलें नव्हतें. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मामंजी अधिकारी वर्गांतले. यंत्रें गंजूं नयेत म्हणून त्यांना व इतर कांहींना पोलिसांच्या बंदोबस्तांत, बंद गाडींतून फाटकाच्या आंत नेत. फाटकाशीं त्यांच्या खात्यांतला जॉबर उभा असे. तंत्रशाळेंतून नवीन आलेल्या मामंजींना तुटलेला धागा चालत्या यंत्रावर सांधावयास ज्यानें शिकविलें, तो हा माणूस. “त्यानें शिवी दिली असती तर बरें झालें असतें. त्यानें गाडीच्या जाळींतून माझ्याकडे पाहिलें आणि हातांनीं ही खूण केली.” त्यांनीं पुन्हां ती चिमट करून दाखविली. संप कोणी मागें घेतल्याचें शेवटपर्यंत जाहीर झालें नाहीं. गिरणी पुढें बंदच पडली. जॉबर गांवीं गेला. मामंजी दुसरीकडे नोकरीस लागले आणि आम्ही दादर सोडून पुण्यास आलों.

बाईंनीं सांत्वन वगैरे केलें नाहीं. त्यांनीं विचारलें, “गिरणीचें काय झालें?” मामंजी म्हणाले, “पाडली. वर मनोरे झाले. चिमणी मात्र शोभेला ठेवली आहे.” बाई म्हणाल्या, “आमच्या पाडल्या नाहींत. पण १९५८ सालीं आम्हीं जितकें कापड बाहेर पाठविलें त्याहून अधिक बाहेरून आणलें, आणि पुढच्याच वर्षीं सरकारनें यंत्रें मोडीत काढण्यास पैसे देण्याचा कायदा केला. माझ्या आजीचीं यंत्रें घणानें फोडलीं. भिंती राहिल्या.” मग गिरणीच्या खिडक्यांकडे छत्री करून म्हणाल्या, “आणि यांतल्या एका खोलीचें भाडें मला परवडत नाहीं.” आमच्या चिरंजीवास तें परवडतें, हें मीं सांगितलें नाहीं.

१९३१ सालीं महात्मा गांधी लँकेशायरला आले, तेव्हां त्यांच्या बहिष्कारामुळेंहि ज्यांचें काम गेलें होतें अशा गिरणींतल्या बायकांनीं त्यांचें हंसून स्वागत केलें. तें छायाचित्र पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. त्यांतल्या बायका कां हंसत होत्या, हें मला आजवर नीटसें कळत नसे.

संध्याकाळीं घरीं आल्यावर मामंजी बराच वेळ छताकडे पाहात हिंडत होते. एका तुळईच्या पोटाला चार भोंकें होतीं, तीं बोट करून त्यांनीं नातवाला दाखविलीं: येथें वरचा दांडा फिरे, त्यावरून पट्टा खालीं येई, म्हणजे यंत्रांची रांग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तुझा पलंग आहे तो बरोबर दोन यंत्रांच्या मधल्या वाटेंत. “वाटेंत निजावयास हरकत नाहीं,” म्हणाले, आणि त्या रात्रीं ते आडवे झाले.

दुसऱ्या दिवशीं पहांटे मी उठलें तों ते डायरी घेऊन बसलेले. चार वर्षांपूर्वीं संगमेश्वर तालुक्यांतून त्यांना एक लग्नपत्रिका आली होती, जॉबरच्या नातवाच्या लग्नाची. त्यांनीं आहेर पाठविला नव्हता, फोनहि केला नव्हता; पत्रिकेवरचा नंबर मात्र डायरींत उतरून ठेवला होता. तिकडे आतां किती वाजले असतील, असें त्यांनीं मला विचारलें. येथें सहा वाजले होते, तिकडे साडेदहा. “म्हणजे न्याहारी झाली असेल,” ते म्हणाले. “सूनबाई, तूं चहा टाक.”

मी चहा टाकावयास गेलें. पलीकडून कोणी तरी बोललें असावें, कारण मामंजींचा आवाज आला, “मी त्रासनांतला मास्तर बोलतोंय.” मग त्यांनीं हातानेंच मला खोलीचें दार ओढून घेण्यास सांगितलें. चहा दोनदां करावा लागला.